बोललात, पण त्या पोरीशी

अहो, तुम्हाला बोलता येत होतं.

हे मला तुमच्या शेवटच्या दिवसांत कळलं, तेही आपल्याच खोलीच्या दाराआड, हातात रिकामी बादली घेऊन उभी असताना. ज्या माणसाबरोबर सगळा संसार केला त्याचा आवाज मला ओळखू आला नाही. आधी वाटलं, आपल्या पोराच्या, नितीनच्या ऑफिसातलं कोणीतरी त्याच्या लॅपटॉपमधून बडबडतंय. मग वाटलं, डॉक्टरांनी दुसऱ्या कुठल्या पेशंटला फोनवर जोडून घेतलंय. कोणीतरी गप्पिष्ट, मिश्कील, खेड्याकडचा म्हातारा. ऐकायला मजा येत होती, हेही सांगून टाकते.

आता समाचाराचे फोन येतात. घरी कोणी येत नाही, येण्याची सोयच नाही. आधी विचारतात, करोना होता का? नाही म्हटलं की सुटकेचा श्वास टाकून दुःखी होतात. आणि मग सगळे तेच म्हणतात, फार शांत माणूस हो, कधी आवाज ऐकला नाही. मी हो हो म्हणते. काय सांगू, की मीसुद्धा नव्हता ऐकला? रडू येतं, नाही असं नाही. पण रडता रडता मध्येच राग येतो आणि रडणं अर्धवट राहतं. धड रडूही दिलं नाहीत तुम्ही.

मुळापासून सांगते. तुम्हाला माहीत आहे सगळं, पण माझ्या बाजूनं कधी ऐकलं नसेल.

तुम्ही पुसदजवळच्या खेड्यातून पिंपरीच्या कारखान्यात नोकरीला आलेले. मी नारायण पेठेतली, बालवाडीची बाई. वयाला शोभेल त्याच्या तिप्पट शहाणपण आपल्यापाशी आहे असं माझं तेव्हा प्रामाणिक मत होतं. तुम्ही मला पाहायला आलात तेव्हा तासाभरात एकच वाक्य बोललात, "चहा छान आहे." चहा आईनं केला होता. पण मी तिथल्या तिथे ठरवून टाकलं की हा माणूस खोल आहे. कमी बोलणारी माणसं खोल असतात असं मी कुठंतरी वाचलं होतं. आज ती मुलगी समोर आली तर तिला बाकावर उभी करीन.

लग्नानंतर पहिलं वर्षभर मात्र तुम्ही बोलायचात. तुमच्या गावाकडचं बोलायचात, मजेत, हातवारे करून. आणि ही बालवाडीची बाई तुम्हाला मध्येच थांबवून वाक्य दुरुस्त करून द्यायची. वर पुन्हा म्हणून घ्यायची. तुम्ही म्हणायचात, शहाण्या मुलासारखं. मग ते मंडईतलं झालं. तुम्ही भाजीवालीकडे सांबार मागितलंत. तुमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात हे मला काय ठाऊक? मला एवढं हसू आलं की मी भोपळ्याच्या ढिगाला टेकून हसले, भाजीवाली हसली, शेजारचा लिंबूवाला हसला. तुम्हीही हसलात.

तो किस्सा मी किती ठिकाणी सांगितला असेल! हळदीकुंकवाला, बारशाला, तुमच्या निवृत्तीच्या समारंभात माइकवरून. दरवेळी तुम्ही समोर बसून हसायचात. शपथेवर सांगते, हसायचात. मी तेच धरून चालले. नवरा हसतोय म्हणजे नवऱ्याला मजा येतेय, यात बायकोनं आणखी काय शोधायचं?

हळूहळू तुमचं बोलणं "हो", "नाही" आणि "चालेल" एवढ्यावर आलं. मी काही दिवस विहिरीच्या काठावर बसून वाट पाहिली, खोलातून काहीतरी वर येईल म्हणून. मग निकाल दिला, या विहिरीला पाणीच नाही. आणि तो निकाल मानून मी सुखानं संसार केला. हे नीट ऐका. सुखानं. कोरड्या विहिरीवर कोणी रागावतं का? तुमच्या वाटचंही मीच बोलत राहिले. भाजीवाल्याशी, शाळेत, तुमच्या साहेबाशीसुद्धा. घरात विनोदाचं खातं माझ्याकडे आणि ऐकण्याचं तुमच्याकडे, असं आपलं ठरलेलं होतं, असं मी समजत होते.

खुणा होत्या, नाही म्हणत नाही. गल्लोगल्ली पिवळे पीसीओ निघाले तेव्हा आपल्या घरी चांगला फोन असूनही गावाकडे बोलायला तुम्ही कोपऱ्यावरच्या पीसीओत जायचात. मी शेजारणीला कौतुकानं सांगायचे, घरातलं बिल वाढू नये म्हणून जातात, किती काटकसरी. काचेच्या त्या खोक्यात तुम्ही हातवारे करत बोलताय हे मी गॅलरीतून पाहत असे. आणि स्वतःला मी चौकस समजत होते.

पुढे कारखान्यात नवी यंत्रं आली, तुम्ही स्वेच्छानिवृत्ती घेतलीत, नितीन कॉम्प्युटर शिकला, खराडीच्या कंपनीत लागला आणि त्यानं आपल्यालाही पेठेतून खराडीला आणलं. मी महिनाभर नाक मुरडलं. खराडी म्हणजे पुणं आहे का? तुम्ही म्हणालात, "चालेल." मला वाटलं, यांना कुठेही चालतं. आता वाटतं, पेठेत तुम्हाला कधीच चाललं नसेल.

मग तुमचं दुखणं निघालं, प्रोस्टेटचं, तेही हाडांपर्यंत पोचल्यावर. आणि त्याच वर्षी सगळं बंद झालं. रस्त्यावर पत्रे ठोकले, दवाखान्याचे मजले करोनाला दिले आणि तुमच्यासारख्यांना सांगितलं, येऊ नका, इथं आलात तर ते दुखणं लागेल. औषधानं बरं होण्याचा टप्पा तुमचा गेलाच होता. आता फक्त दुखू द्यायचं नाही, एवढंच करायचं होतं. ते फोनवरून होईल म्हणाले. मी म्हटलं, फोनवरून? उद्या फोनवरून जेवायला वाढतील.

पण वाढलं हो त्या पोरीनं. डॉक्टर सायली. यवतमाळकडची, म्हणजे तुमच्याच मुलखातली, तिशीचीही नसेल. दर दोन-तीन दिवसांनी नितीन तुमच्यासमोर टॅब उभा करायचा आणि ती त्यात यायची. आधी तोंडावर मास्क, डोक्यावर टोपी, मागून दवाखान्याचा गोंगाट. नंतर तिलाच विलगीकरणात ठेवलं तेव्हा हॉस्टेलच्या खोलीतून, मागे दोरीवर तिचा टॉवेल. तुमची टाच लाल झालीय का हे तिनं मला टॅब पायाशी न्यायला लावून पाहिलं. कूस कशी बदलायची, तोंड ओलं कसं ठेवायचं, मॉर्फिननं पोट साफ होत नाही म्हणून त्याबरोबर दुसरं काय द्यायचं, सगळं तिथून शिकवलं. मी बालवाडी चालवलेली बाई आहे, चांगली शिक्षिका कोण ते मला कळतं. नितीन पोलिसांचा पास घेऊन दवाखान्याच्या खिडकीवरून गोळ्या आणायचा. तिनं तुम्हाला एकदाही हात लावला नाही आणि तुमचं दुखणं आटोक्यात आणलं. मी रोज पाय चेपत होते, मला काही जमलं नाही. हे उपकार मी मानते. राग वेगळा.

पहिल्या फोनला ती म्हणाली, "काय काका, काय करून राहिले?" मी मनात म्हटलं, अरे देवा, डॉक्टर होऊन असं बोलते. तुम्ही मात्र उशीवरून मान उचललीत. तेव्हाच समजायला हवं होतं. पण समजूतदारपणा आणि मी यांची भेट नेहमी उशिराच होते.

तिच्या फोनच्या दिवशी तुम्हाला इस्त्रीचा शर्ट लागायचा. कंबरेखाली लुंगी, वर शर्ट, केस विंचरलेले. मी इस्त्री करून द्यायचे. डॉक्टरसमोर नीटनेटकं असावं, चांगल्या घरातली रीत आहे, असं मला वाटायचं. माझ्याशी बोलायला तुम्ही कधी शर्ट बदलला होतात?

मला तुमच्याकडून एकच गोष्ट हवी होती. बरे व्हा असं नव्हे, ते होणार नव्हतं, आपल्या दोघांनाही ठाऊक होतं. जाण्याआधी एकदा माझ्याजवळ बोला, एवढंच. मी रोज विचारत होते, दुखतंय का? तुम्ही म्हणायचात, ठीक आहे. भीती वाटते का? ठीक आहे. एका दुपारी मी सगळी लाज सोडून शेजारी बसले, हात हातात घेतला आणि विचारलं, मला काही सांगायचंय का? तुम्ही जरा विचार केलात. मी आणखी जवळ सरकले. मग म्हणालात, "पंखा जरा कमी कर."

मी पंखा कमी केला. आणि विहिरीला पाणी नाही हा जुना निकाल पुन्हा एकदा कायम केला.

फोनवर औषधाचं बोलून झालं की तुम्ही मला हमखास गच्चीवर पाठवायचात. "कपडे वाळले असतील बघ." ज्या माणसाला जन्मात कपडे कुठं वाळतात हे माहीत नव्हतं, त्याला अचानक कपड्यांची काळजी! मी मात्र आनंदानं जायचे. चार भिंतींबाहेर पडायला तेवढीच गच्ची होती. त्या दिवशी इमारतीत कोणीतरी पॉझिटिव्ह निघालं आणि सोसायटीनं गच्चीला कुलूप घातलं. मी बादली घेऊन तशीच माघारी फिरले.

दार किलकिलं होतं. तो म्हातारा आत बोलत होता. कोणा बायकोची नक्कल करत होता, सानुनासिक, प्रत्येक शब्द धुऊन वाळत घातल्यासारखा. "आपण जरा पाय उचलता का, मला केर काढायचाय." मग लगेच, "चहा हवा असेल तर मिळेल, नको असेल तर तसं स्पष्ट सांगावं." टॅबमधली पोरगी हसून हसून खोकायला लागली. मलाही हसू आलं. काय हुबेहूब बाई उभी केलीय, असल्या बायका मी पेठेत ढिगानं पाहिल्यात.

मग कळलं, बाई कोण ते. आणि त्याच्यानंतर, म्हातारा कोण ते.

अहो, तुम्ही विनोदी होतात. इतकी वर्षं घरात माझ्यापेक्षा सरस नकलाकार बसला होता आणि मी त्याला भोपळ्याचा किस्सा ऐकवत होते. मी तोंडात पदर कोंबला. खरं सांगते, त्या क्षणी राग नव्हता. दार ढकलून आत यावं आणि म्हणावं, आणखी एकदा करा, असं वाटलं. मी बादली खाली ठेवायला वाकले, तेवढ्यात तुमचा आवाज उतरला.

"पण बाई, मले भेव वाटते," तुम्ही म्हणालात. "दुखण्याचं नाही. त्याच्यावर तुम्ही गोया देता. सकाळी उठलो का पयले भेव वाटते."

तिनं विचारलं, "कायचं भेव वाटते, काका?"

तुम्ही म्हणालात, "सांगतो. पण तिले नका सांगू."

पुढचं मी ऐकलं नाही. ऐकता आलं असतं, कान अजून शाबूत आहेत. पण ती म्हणजे मी. घरभर मीच होते ती. भीती तुम्हाला होती, शब्दही तुमच्याकडे होते आणि ते तुम्ही पडद्यातल्या एका पोरीला देत होतात, जिचा अख्खा चेहरा तुम्ही पुरत्या चार वेळाही पाहिला नसेल. मी स्वयंपाकघरात जाऊन चहा टाकला. चहा घेऊन आले तेव्हा तुम्ही विचारलंत, वाळले का कपडे? मी म्हटलं, ओले होते. तुम्ही मान हलवलीत. इतकं सराईत खोटं आपण दोघं याआधी कधी बोललो नव्हतो.

त्यानंतर मी प्रयत्न केला, तो मात्र तुम्ही विसरला नसाल. दोन दिवस मनात घोकून, तुमचं तोंड पुसता पुसता मी म्हटलं, "काय करून राहिले?" माझ्या तोंडून ते कसं आलं असेल, देव जाणे. बालवाडीच्या गॅदरिंगसारखंच आलं असणार. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत आणि हसलात.

ते हसू मी ओळखलं. हळदीकुंकवाला हसायचात तेच. निवृत्तीच्या समारंभात हसलात तेच. मंडईत भोपळ्याच्या ढिगाजवळ हसलात तेच. तुम्हाला वाटलं, हिनं पुन्हा सुरू केलं. मी तुमच्या दाराशी येऊन कडी वाजवत होते आणि तुम्हाला वाटलं, पोरं दगड मारताहेत. "असू दे," तुम्ही म्हणालात, अगदी शुद्ध, पुणेरी. मी टॉवेल पिळायला आत निघून गेले.

गेलात तेव्हा सकाळ होती आणि तुम्हाला दुखत नव्हतं. श्वास लांबत गेला. नितीन टॅब धरून उभा होता, ती पोरगी पलीकडून हळू आवाजात सांगत होती, काकू, घाबरू नका, असाच असतो श्वास, हात धरून बसा. मी धरून बसले. नेणाऱ्यांनी गडबड केली, मोजकीच माणसं, तुमचे भाऊ गावाहून येऊ शकले नाहीत, त्यांनी मोबाइलवर पाहिलं. ते फोनमध्ये जे रडले, जे बोलले, ते सगळं तुमच्या भाषेत. मला एकेक शब्द कळत होता. तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं, कळत तर मला पहिल्यापासून होतं.

तेरावा झाल्यावर मी नितीनला धरलं. म्हटलं, तुला ठाऊक होतं? तो म्हणाला, बाबांनीच सांगितलं होतं, आई बाहेर गेली तरी फोन चालू ठेव. म्हणजे घरात कट होता, आणि मी त्या कटाला इस्त्री करून देत होते. मी म्हटलं, अरे पण का? माझ्याशी का नाही? पोरगं बराच वेळ चष्मा पुसत बसलं. मग म्हणालं, "आई, सांबारचा किस्सा तू माझ्या लग्नातही सांगितलास."

ठीक आहे. सांगितला. माझी जीभ लांब होती, अक्कल आखूड होती, पेठेतल्या त्या मुलीला मी आजही बाकावर उभी करीन म्हटलंच आहे. पण तुमचं काय? एकदा, फक्त एकदा, हसण्याऐवजी म्हणायचं होतंत, बस कर, मला लागतं. मी थांबले असते. दोन दिवस रुसले असते, तिसऱ्या दिवशी थांबले असते. तुम्ही मला भांडूही दिलं नाहीत. मला दरवेळी जिंकू दिलंत आणि आपण उठून पीसीओत जाऊन राहिलात. मी इकडे जिंकतच गेले, एकटीच. याला चांगुलपणा म्हणतात बाहेर. मी नाही म्हणत. ज्या बाईला वाटतं आपण आपल्या माणसाबरोबर जगलो, तिला शेवटच्या महिन्यात दाराआडून कळावं की तो माणूस भलताच कोणी होता, चांगला बोलका, लाघवी, आणि त्याच्याशी आपली भेटच झाली नाही? हे तुम्ही माझं केलंत. माझी थट्टा तोंडावर होती. तुमची पाठीमागे.

आणि मला वाटतं, त्या म्हाताऱ्याशी माझं जमलं असतं.

काल तिचा फोन आला. माणूस गेल्यावर घरच्यांची चौकशी करायलाही ते लोक एकदा फोन करतात म्हणे, तेही त्यांच्या कामात धरतात. मास्क नव्हता. पोरगी दिसायला गोड आहे, तुम्ही ते बोलला नाहीत. जेवता का, झोपता का, सगळं विचारलं. मी ठीक आहे म्हटलं. म्हटल्यावर ऐकू आलं, अगदी तुमच्यासारखं म्हटलंय.

मग मी सरळ विचारलं, "ते तुमच्याशी पुष्कळ बोलायचे ना?"

ती जराशी गडबडली. म्हणाली, हो काकू, खूप. मी म्हटलं, मला नका सांगू म्हणाले होते. ती म्हणाली, आधी तसं म्हणाले होते. शेवटच्या आठवड्यात बदललं. म्हणाले, आपण होऊन सांगू नका, पण तिनं विचारलं तर सगळं सांगा, काही ठेवू नका. भीती कसली होती तेही, आणि तिला का नाही सांगितलं तेही.

मी गप्प बसले. मी, गप्प. ती वाट पाहत होती, तिच्या मागं दोरीवरचा टॉवेल हलत होता. विचारायला एकच शब्द लागला असता.

"काकू, आत्ता नाही तर नंतर," ती म्हणाली. "कधीही विचारा. मी विसरणार नाही."

तिचे आभार मानले, जेवून घे म्हटलं आणि नितीनला टॅब बंद करायला सांगितलं. त्यानं माझ्याकडे वेड्यासारखं पाहिलं. पण मी हिशेब केला होता. मी विचारेपर्यंत तुमचं बोलणं संपत नाही. सगळं ऐकून टाकलं की तुम्ही पुन्हा "चालेल" म्हणणारे शांत गृहस्थ, भिंतीवरच्या फोटोतले. आणि दुसरं म्हणजे, माझी एवढी वर्षं काठावर गेली आहेत, कोणीतरी काही बोलेल म्हणून.

तर अहो, मी अजून विचारलेलं नाही. विचारीन, नक्की विचारीन, माझा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे, मला फार दिवस राहवणार नाही. पण तोवर आता तुम्ही बसा वाट बघत.